दोरीवरची अब्रू

पाहुणे येणार म्हटले, की गृहिणी आधी गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे आत घेते. मोठमोठी सरकारेही याच वळणाची असतात, हे मला एका मारधाडीच्या इंग्रजी चित्रपटामुळे कळले. २००६ साली आलेला ‘मिशन: इम्पॉसिबल’चा तिसरा भाग तो.

त्यात टॉम क्रूझ शांघायच्या गगनचुंबी इमारतीवरून झोका घेतो आणि शेवटी कालव्याकाठच्या अरुंद गल्ल्यांतून जीव तोडून पळतो. हे कालवे खरे म्हणजे चेच्यांग प्रांतातल्या शीतांग या जुन्या गावचे. पण चित्रपटात तेही शांघायच! त्याबद्दल फारसे कुणी बोलले नाही. बोभाटा झाला तो खिडक्यांबाहेर बांबूंवर वाळणाऱ्या कपड्यांचा. त्याने म्हणे शहराची शोभा जाते! चीनमध्ये चित्रपट लागला, तो कात्री लागूनच.

मला मात्र खरा चीन दिसला तो त्या बांबूंवरच. उंच इमारती काय, कुठेही सारख्याच. पण वाळत घातलेला सदरा पाहिला, की त्यामागे पहाटे उठलेली आई, पाण्याची बादली, शाळेला निघालेले पोर असे सारे बिऱ्हाड उभे राहते. चाळीत वाढलेल्या मला त्या गल्लीत परके वाटले नाही.

परक्या कॅमेऱ्याला ही माणसे हवी होती ती नायकाच्या मागे पडदा म्हणून. घरच्या अधिकाऱ्यांना तीही नको होती. पण अहो, धुतलेले कपडे ते! लाज वाटायचीच, तर मळक्यांची वाटावी.