निर्गुडीचा पाला आणि हत्तीपाय

चेंबूरच्या जुन्या गावठाणात आमच्या लहानपणी सुजेवर पहिला उपाय निर्गुडीचा असे. पाला तव्यावर शेकावयाचा, फडक्यात बांधावयाचा आणि दुखऱ्या अंगावर ठेवावयाचा. वातावर एरंडाचे पान, पोटदुखीवर सागरगोट्याचा गर. (मुलींच्या खेळातले सागरगोटे आजीच्या औषधात जात आणि त्यावरून रडारड होई.) मात्र एका दुखण्यापुढे हा सारा पाला हरे. त्याला लोक हत्तीपाय म्हणत आणि म्हणताना आवाज उतरवीत.

आमच्या आळीतील एका मावशींना तो जडला होता. लुगड्याचा काठ पावलावर लोळेल असे त्या नेसत. मिस्सेला शेवटच्या बाकावर बसत आणि ख्रिस्तप्रसादाची रांग संपत आली की मगच उठत. पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुवू लागले, की त्या डोळे मिटून घेत. पाप कोणाचे, मावशींचे की त्यांच्या आईबापांचे, अशी कुजबूजही आम्ही ऐकली आहे. शुभवर्तमानातील जन्मांधाविषयी शिष्यांनी विचारलेला हाच प्रश्न प्रभूने कसा निकालात काढला, हे वर्षानुवर्षे ऐकणाऱ्यांच्याच तोंडून.

या लाजेची मुळे फार जुनी आहेत. सोळाव्या शतकात गोव्याच्या आर्चबिशपांचा चिटणीस राहिलेल्या लिन्सखोटेन या डच गृहस्थाने १५९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासग्रंथात अशा पायांची हकीकत दिली आहे. संत थॉमसचा वध करणाऱ्यांच्या वंशजांना हा शाप भोवतो, ही त्या काळची समजूतही त्याने नोंदविली. ज्या प्रेषिताला प्रभूच्या जखमांना हात लावून पाहावयाचे होते, त्याच्याच नावाला दुसऱ्याच्या व्यंगाचा शाप जोडावा, हे आम्हांला नेहमीच विपरीत वाटत आले आहे. त्यापेक्षा सुश्रुत सत्याच्या अधिक जवळ होता. जेथे जुने पाणी साचून राहते त्या प्रदेशांत श्लीपद विशेष होते, असे त्याने सांगून ठेवले.

त्या साचलेल्या पाण्यात क्युलेक्स डास वाढतो. गटारे, संडासांच्या टाक्या, घाण पाण्याची डबकी ही त्याची आवडती घरे. त्याच्या दंशाबरोबर सुतासारख्या कृमीच्या अळ्या शरीरात शिरतात. प्रौढ कृमी लसीकावाहिन्यांत अनेक वर्षे राहून वाहिन्या निकामी करतात आणि त्यांची सूक्ष्म पिले रात्री रक्तात येतात. म्हणूनच तपासणीसाठी रक्त रात्री घेतात. डासाचा या रोगाशी असलेला संबंध पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधील अमॉय येथे १८७७ साली दाखविला.

आता पुन्हा आमच्या निर्गुडीकडे. सेवाग्राम व नागपूर येथील संशोधकांनी २००८ साली निर्गुडी, बेल, पळस आणि एरंड यांचे अर्क या कृमींच्या पिलांवर प्रयोगशाळेतील काचपात्रात तपासून पाहिले. निर्गुडीच्या मुळाचा व बेलाच्या पानांचा अर्क चांगलाच प्रभावी ठरला. पिलांची हालचाल मंदावली. त्याच वर्षी लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतून सागरगोट्याच्या गराचे उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध झाले आणि त्यांतही आशा वाटावी असे निष्कर्ष होते. आयुर्वेदाने श्लीपदावर सांगितलेल्या शाखोटकाचा अभ्यास तर या संस्थेने त्याहून आधी केला होता. आजीचे गाठोडे अगदीच रिकामे नव्हते, याचा आम्हांला मनापासून आनंद झाला.

पण काचपात्रातील कृमी आणि मावशींच्या पायातील कृमी यांत मोठे अंतर आहे. प्रयोगांत बहुधा ब्रुगिया जातीचा कृमी वापरतात, कारण तो प्राण्यांत वाढविता येतो. आपल्याकडे आढळतो तो मुख्यतः वुचेरेरिया. शिवाय मुळाचा अर्क म्हणजे शेकलेला पाला नव्हे. कातडीवर बांधलेले पान आतल्या वाहिनीपर्यंत पोहोचत नाही आणि भेगाळलेल्या पायावर लावलेला लेप जंतूंना वाटच करून देतो. वनस्पतीतून औषध निघते, यात शंका नाही. हिवतापावरील आर्टेमिसिनिन एका चिनी वनस्पतीतून निघाले आणि त्यासाठी तू यूयू यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच पारितोषिकाचे दुसरे मानकरी कॅम्पबेल आणि ओमुरा यांचे आयव्हरमेक्टिन मातीतील जिवाणूपासून आले. ते आज हत्तीपायाविरुद्ध वापरले जाते. मात्र वनस्पतीपासून गोळीपर्यंतचा प्रवास वर्षांचा आणि कसोट्यांचा असतो. निर्गुडीने तो अद्याप केलेला नाही.

डीईसी ही गोळी १९४७ पासून ठाऊक आहे. आपल्या देशात ती रोगग्रस्त जिल्ह्यांतील साऱ्यांना वर्षातून एकदा देण्याची मोहीम २००४ साली सुरू झाली. पुढे तिला अल्बेंडाझोलची जोड मिळाली. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने काही प्रदेशांसाठी आयव्हरमेक्टिनसह तिन्ही औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. विदर्भातील आमचे नातलग मात्र दाराशी आलेली ही गोळी हातात घेतात, "जेवल्यावर घेऊ" म्हणतात आणि पाल्याचा काढा उकळतात. ज्यांच्या रक्तात पिले असतात त्यांना ती मरताना ताप येतो, डोके दुखते. म्हणजे गोळी बाधली असे ठरते आणि पुढच्या वर्षी दार उघडतच नाही. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी यांना ती देत नाहीत. बाकीच्यांनी ती काहीतरी खाऊन, वाटणाऱ्या कार्यकर्तीच्या डोळ्यांदेखत गिळावी, असा तिचा आग्रह असतो. घरात ठेवलेली गोळी बहुधा फडताळातच राहते, हे तिला अनुभवाने माहीत झालेले आहे.