पांढऱ्या कोटांची लढाई

संपादकांचा निरोप होता : युद्धचित्रांवर लिहा, पण वाचकांना झेपेल असं. प्रस्तुत लेखकाची पंचवीस वर्षं जुनी छापचित्रं साफ करण्यात आणि ओळखण्यात गेली. ‘झेपेल असं’ म्हणजे कसं, हे त्याला अजून उमगलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात त्याला जुहूतल्या एका घरून बोलावणं आलं. समुद्राच्या दमट हवेनं काचेआडच्या चित्रावर तपकिरी डाग धरले होते. आजोबांनी चोरबाजारातून आणलेलं, हातानं रंगवलेलं छापचित्र. कुणीतरी चौकटीत बसवताना खालच्या मजकुराची पट्टी कापून टाकलेली. घरात सगळे त्याला ‘असईची लढाई’ म्हणत : २३ सप्टेंबर १८०३, शिंदे-भोसल्यांची फौज आणि समोर वेलस्ली.

लेखकानं चष्मा पुसला आणि निकाल देऊन टाकला. हत्ती नाही, बैल नाही, पगडी नाही. निळ्या कोटातले फ्रेंच, पांढऱ्या कोटातले ऑस्ट्रियन. बहुधा मारेंगो, उत्तर इटली, १४ जून १८००.

“अहो काका, पण आजोबा सांगायचे...” एवढंच बोलून घरधनीण चहा टाकायला गेली.

मारेंगोची गंमत अशी, की दुपारपर्यंत ऑस्ट्रियन जिंकत होते. त्यांचा म्हातारा सेनापती मेलास तर फत्ते झाली समजून मैदानातून निघूनही गेला. मग फ्रेंचांचा देझे ताजी कुमक घेऊन आला, केलरमनचे घोडेस्वार तुटून पडले आणि डाव उलटला. देझे मात्र गोळी लागून मेला. नेपोलियननं पुढे या लढाईची सरकारी हकिकत एकदा नव्हे, अनेकदा दुरुस्त करून घेतली. ही लढाई चित्रात रंगवणारा लेज्यून स्वतः तिथे हजर असलेला लष्करी अधिकारी होता. तेव्हा ‘प्रत्यक्षदर्शी चित्र’ हे शब्द जपून वापरावेत.

पण लोक पहिला प्रश्न विचारतात तो ‘हे खरंच असं झालं होतं का?’ हाच. चित्र कुणी काढवून घेतलं, हे कुणी विचारत नाही. या बाबतीत पानिपताच्या चित्रावरून लेखकाचं डोकं नेहमी तापतं. १७७० च्या सुमाराचं, फैजाबाद शैलीतलं ते चित्र आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आपल्याकडे ते ‘आपलं पानिपत’ म्हणून मिरवतं. फैजाबाद कुणाचं? अवधच्या नवाबाचं, शुजाउद्दौल्याचं. आणि १४ जानेवारी १७६१ ला शुजा उभा होता अब्दालीच्या बाजूला! चित्रात तपकिरी घोड्यावर ऐटीत आहे तोही अब्दालीच. गंमत पुढेच आहे. पानिपताची जी हकिकत इतिहासकार वारंवार उघडतात, ती फारसीत लिहिणारा काशिराज पंडित दक्षिणी ब्राह्मण, पण चाकरी शुजाची. भाऊची शेवटची चिठ्ठी आपल्याच हाती आली, असं तो सांगतो. म्हणजे आपल्या सर्वांत मोठ्या पराभवाचं चित्रही शुजाच्या घरचं आणि साक्षीदारही त्याच्याच छावणीतला. हे व्याख्यानात सांगितलं की पहिल्या रांगेतलं कुणीतरी हमखास दुखावतं. दुखावण्यासारखं त्यात काय आहे, देव जाणे.

आपण लढाया बखरींत लिहिल्या, पोवाड्यांत गायल्या. भिंतींवर त्या क्वचितच आल्या. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात पाहा, रंग देवादिकांसाठी खर्ची पडलाय. चित्रकार धुरंधरांनी बाजीप्रभू रंगवले, पण तोवर पावनखिंडीला दोन शतकं उलटून गेली होती.

असो. जुहूहून परतल्यावर त्या रात्री लेखकाला झोप लागली नाही. एक तर पांढरा कोट ही काही ऑस्ट्रियनांची मिरास नव्हती. राज्यक्रांतीआधी फ्रेंच पायदळही पांढऱ्यातच असे. दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी. असली छापचित्रं काळ्या शाईत छापत आणि रंग मागाहून हातानं भरत. घाईत असलेला रंगारी काय करतो? पांढरं लागेल तिथे कागद कोरा सोडतो. धूर कोरा, घोडा कोरा. आणि कंटाळा आला, तर कोटही कोरा.

म्हणजे ज्या पांढऱ्या रंगावर लेखकानं आजोबांना खोटं पाडलं, तिथे कदाचित रंगच नव्हता.

दसऱ्यानंतर लेखकानं जुहूला फोन केला. चौकटीखाली ‘असई, १८०३’ अशी पितळी पट्टी बसवून झाली होती. “फराळाला या ना काका,” घरधनीण म्हणाली. लेखक जाणार आहे. भिंग पिशवीत टाकून ठेवलंय.