पडत्या बाजूला रॉडमन

आपल्या लाडक्या संघाच्या उणिवा कधी कागदावर लिहून पाहिल्यात? मी पाहिल्या, आणि चांगलाच तोंडघशी पडलो!

ऑक्टोबर १९९५. अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलचा मोसम तोंडावर आलेला. मी शिकागो बुल्सचा भक्त. वहीत दोन रकाने आखले : जमेची बाजू आणि पडती बाजू. जमेची भराभर भरली. बेसबॉल सोडून मार्चमध्ये परतलेला मायकेल जॉर्डन आता पूर्ण मोसम खेळणार होता. जोडीला स्कॉटी पिपेन आणि लांबून नेम साधणारा स्टीव्ह कर.

पडत्या बाजूला मात्र पेन अडलं. मे महिन्यात ऑर्लँडोनं आपल्याला (भक्त ‘आपल्याला’च म्हणतो!) ४-२ असं हरवलं होतं. त्यांच्याकडून खेळला कोण? आपलाच जुना होरेस ग्रँट! तो गेल्यापासून रिबाउंड, म्हणजे नेम चुकून रिंगवरून उडालेला चेंडू, झेपावून पकडणारं तसं कुणी उरलं नव्हतं. चेंडूच हाती नाही, तर जॉर्डन तरी काय करणार?

आणि बुल्सनं घेतलं कुणाला, तर डेनिस रॉडमनला! रंगवलेले केस, पंचांशी भांडणं. १९९१मध्ये डेट्रॉइटकडून खेळताना त्यानंच पिपेनला ढकलून जखमी केलं होतं. सलग चार मोसम रिबाउंडमध्ये तोच पहिला, हे ठाऊक असूनही मी रागारागानं त्याचं नाव पडत्या बाजूला लिहिलं.

त्या मोसमात बुल्सनं ८२पैकी ७२ सामने जिंकले, पुढे विजेतेपदही. रिबाउंडमध्ये पहिला? पुन्हा रॉडमनच!

वही अजून आहे. खाडाखोड केलेली नाही.