सहा दिवसांची शिदोरी

वसतिगृहातील दुसरीच्या वर्गाचा आठवडा आखलेला असे. सोमवारी जोडाक्षरे, मंगळवारी प्रकट वाचन, बुधवारी शुद्धलेखन, गुरुवारी पाढे, शुक्रवारी उदाहरणे. आम्हां मुलांना सर्वांत अवघड वाटे तो एकोणतीस. कानाला तीस ऐकू येई, पाटीवर मात्र २९ लिहावे लागे. गुरुजींनी चिंचोक्यांचे दहा-दहांचे तीन ढीग मांडले आणि एक चिंचोका उचलून घेतला. ‘एकोण’ म्हणजे एक उणे, हे तेव्हा उमगले.

शनिवारी घरी पोस्टकार्ड लिहायचे. माझी आई निरक्षर. ती ते शेजाऱ्यांकडून वाचून घेई. दिवाळीच्या सुट्टीत तिने किराणा दुकानातली उधारीची वही माझ्यापुढे धरली. मी बेरीज दोनदा केली. १२ रुपये जास्त लावले होते. दुकानदाराने मुकाट्याने आकडा खोडला.

१८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा समाज का खवळला, ते मला पुढे इतिहासाच्या पुस्तकापेक्षा त्या वहीमुळे अधिक समजले. अक्षर आणि अंक हाती आले की माणूस हिशेब विचारू लागतो.

त्याच रात्री आईने माझी पाटी मागून घेतली. अंगठ्याऐवजी तिला सही करायची होती.