नदीची वही

माणसाच्या नाकाइतके लबाड इंद्रिय दुसरे नसेल. मुठेच्या पुलावर पहिल्या दिवशी ते मुरडते. आठवड्याभरात निमूट होते. गावाचेही असेच होते, फक्त त्याला वीसपंचवीस वर्षे लागतात. म्हणून माझा भरवसा वहीवर.

दर रविवारी सकाळी आम्ही पाचसहा मंडळी विठ्ठलवाडीच्या काठी ही वही भरतो. एक निवृत्त बँक कारकून, एक दंतवैद्य बाई, दोन शाळकरी पोरे आणि मी मराठीचा प्राध्यापक; रसायनशास्त्राशी माझा संबंध चहापुरता! नदीचा काठ नागरिकांनी दत्तक घ्यावा, ही कल्पना पुण्यात ‘जीवितनदी’ संस्थेने रुजवली. आम्ही तिचेच अनुकरण करतो.

रबरी हातमोजे चढवून बाटली काठोकाठ भरायची. आत बुडबुडा राहता कामा नये. ठरलेली औषधे घातली की पाण्यातल्या प्राणवायूच्या मानाने ते पिवळे होते, पिष्टाने निळे. मग निळा रंग उडेपर्यंत थेंब मोजायचे. थेंब जास्त, तितका प्राणवायू जास्त. १८८८ साली विंक्लर नावाच्या रसायनज्ञाने काढलेली ही युक्ती. आंघोळीच्या पाण्यात लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असा सरकारी दंडक आहे. आमचे थेंब पुष्कळदा मोजायला घेताच संपतात.

पण बाटलीला त्या घटकेपुरतेच कळते. मध्यरात्री कोणी टँकर रिकामा करून गेला, तर सकाळी ती साळसूद! दगडाखाली महिनोन्‌महिने राहणाऱ्या किड्यांना मात्र फसवता येत नाही. सह्याद्रीतल्या स्वच्छ ओढ्यात दगड उलटा करा; पोटाच्या कडेने झालरीसारखे कल्ले हलवणारी इवलीशी पिल्ले दिसतील. पंख फुटल्यावर जेमतेम दिवसभर जगणाऱ्या माशीची ही पिल्ले. घाण त्यांना सोसत नाही. आमच्या काठी सापडते ती लालभडक अळी. तिच्या अंगात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते, त्यामुळे प्राणवायू नसल्यासारख्या चिखलातही ती तग धरते.

वहीत ‘झालरवाले’ असा एक रकाना आहे. धाकट्या पोराने परवा विचारले, ‘‘सर, दर वेळी शून्यच लिहायचे, तर रकाना कशाला?’’

‘‘राहू दे,’’ मी म्हटले.

त्याने शून्य लिहिले, आणि पट्टी घेऊन पुढच्या पानावरही तो रकाना आखला.