नॉमिनीचा रकाना नसलेलं दुकान

इथे राजवाडा, सराफा, जुन्या वाड्यांच्या आठवणी येतात. मी आज कॉम्प्युटर गेमबद्दल लिहितोय. हसू नका. पंच्याहत्तरी जवळ आली, बी.कॉम. करून सगळी नोकरी बँकेत काढली, त्यामुळे खेळही हिशेबाच्या नजरेनेच बघतो.

१९९८ मध्ये ‘सीझर ३’ नावाचा गेम आला. रोमन शहर वसवायचं. इंदूरला जेल रोडवरून त्याची सीडी आणली होती. मुलगा तेव्हा शाळेत. तो रस्ते, कारंजी, धान्याची कोठारं बांधायचा आणि खजिना माझ्याकडे. कर वाढवला की लोक चिडतात, कमी केला की तिजोरी रिकामी. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती! आम्हा बापलेकांच्या सगळ्यात जास्त गप्पा त्या स्क्रीनसमोर झाल्या. आता तो टोरांटोला असतो. नात नऊ वर्षांची. मराठी समजतं तिला, बोलताना अडखळते.

सीडी कपाटात आहे, पण नव्या लॅपटॉपला ती घालायची सोयच नाही. मुलगा म्हणाला, “बाबा, ऑनलाइन घ्या ना. स्टीमवर आहे, गॉगवरही आहे.” किंमत दोन्हीकडे किरकोळ. मग निवडायचं कशावरून? मी सवयीप्रमाणे अटी वाचायला बसलो.

स्टीम हे अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचं दुकान, २००३ पासूनचं. सोय उत्तम. रुपयांत किंमत, अपडेट आपोआप येतात. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत. पण तुम्ही गेम विकत घेत नाही, वापरायचा परवाना घेता. २०२४ पासून पैसे भरतानाच तसं लिहून येतं. खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. कुटुंबासाठी सहा जणांची सोय आहे, पण ती एका घरात राहणाऱ्यांसाठी. आमचं घर इंदूर आणि टोरांटोत वाटलेलं.

एपिक हे २०१८ मधलं दुकान. दर आठवड्याला काहीतरी फुकट देतं. नातवंडांना आवडतं, पण माझा गेम तिथे बघायच्या आधीच माझं ठरलं होतं.

गॉग पोलंडचं, २००८ चं. जुने गेम नव्या मशीनवर चालतील असे करून विकायचे, यावरच ते सुरू झालं. कायद्याने तिथेही परवानाच, आणि प्रती वाटत सुटायचं नाही हा नियम आहेच. फरक एवढाच की गेमची पूर्ण फाइल उतरवून आपल्याजवळ ठेवता येते. ती चालवायला इंटरनेट लागत नाही, दुकानाची परवानगी लागत नाही. त्यांचं ॲप घेतलं नाही तर नवी फाइल आपणच उतरवायची, आणि काही गेमचे अपडेट तिथे उशिरा येतात. नवा, मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा गेम असेल तर स्टीमच बरं. माझ्या पंचवीस वर्षांहून जुन्या गेमला कसले अपडेट येणार?

मुलगा म्हणाला, “एवढा कसला विचार करताय? स्टीमवर घ्या आणि मला पासवर्ड देऊन ठेवा.” म्हटलं, “अरे, पिन कुणाला सांगू नका हे जन्मभर काउंटरवर सांगत आलो, आता तूच मला हे सांगतोस?” तो हसला. मग जरा वेळ दोघंही गप्प होतो. माझ्यामागे काय, हा विषय फोनवर कुणी काढत नाही. तो असा गेमच्या निमित्ताने निघाला.

गॉगवर घेतला. फाइल पेन ड्राइव्हवर उतरवली, लिफाफ्यात घातली, वर नातीचं नाव लिहिलं. एफडीच्या पावत्या आणि लॉकरची किल्ली ठेवतो त्याच डब्यात तो लिफाफा आहे. सध्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी स्क्रीन दाखवतो आणि ती सांगते, “आजोबा, इथे विहीर.” खजिना अजून माझ्याकडेच.

तुमच्या घरी नातवंडं गेम मागतील तेव्हा किंमत बघाच, पण आपल्या हातात काय राहणार तेही विचारा. आणि तुमच्या कपाटात अशी एखादी जुनी सीडी असेल तर कोणती, ते खाली लिहा.