जिम्नॅशियम : कुठे तालीम, कुठे शाळा

परदेशात ओळखीचा शब्द दिसला की प्रवाशाला हायसे वाटते. पण काही शब्द ओळख दाखवतात आणि भलत्याच दारात नेऊन उभे करतात. 'जिम्नॅशियम' हा त्यातलाच एक. जर्मनीतल्या बहुतेक शहरांत एखाद्या भारदस्त इमारतीवर ही पाटी दिसते. मात्र आत डंबेल्स किंवा मल्ल शोधू नका. आत गणित, इतिहास, कदाचित लॅटिनचाही तास चालू असेल. तिथे जिम्नॅशियम म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी माध्यमिक शाळा!

शब्द एकच, मग अर्थ इतके निराळे का? त्याचे उत्तर अथेन्समध्ये आहे.

तत्त्वज्ञांची तालीम

ग्रीक भाषेत 'गिम्नोस' म्हणजे उघडा, विवस्त्र. प्राचीन ग्रीसमधले तरुण अंगाला तेल चोळून विवस्त्र अवस्थेत व्यायाम करत. त्या जागेचे नाव 'गिम्नासिऑन'. आपल्या तालमीत निदान लंगोट तरी असतो! तिथे झाडांची सावली होती, बसायला जागा होती आणि ऐकायला तरुण होते. साहजिकच विचारवंतही तिथे जमू लागले. अथेन्सच्या वेशीबाहेरच्या 'अकादमी'त प्लेटोने शिकवले, तर 'लायसियम'मध्ये ॲरिस्टॉटलने. या दोन्ही मुळात व्यायामाच्याच जागा. लायसियमचे अवशेष १९९६ साली अथेन्सच्या मध्यवस्तीत, एका संग्रहालयासाठी खोदकाम करताना सापडले. फ्रान्समधले 'लिसे' आणि इटलीतले 'लिचेओ' ही शाळांची नावे याच लायसियमवरून आली.

एका शब्दाची वाटणी

पुढे युरोपात ग्रीक विद्येची ओढ वाढली, तेव्हा या शब्दाची जणू वाटणी झाली. जर्मनांनी त्यातली विद्या घेतली, इंग्रज आणि फ्रेंचांनी व्यायाम. स्ट्रासबर्ग शहरात योहान्नेस स्टुर्म यांनी १५३८ साली सुरू केलेली शाळा आजही 'जिम्नाझ' हेच नाव लावते. मग जर्मन लोक व्यायाम कुठे करतात? १८११ साली फ्रीडरिश लुडविग यान यांनी बर्लिनमध्ये व्यायामाचे खुले मैदान सुरू केले आणि कसरतीसाठी 'टुर्नेन' हा शब्द रूढ केला. म्हणून तिथल्या व्यायामशाळेला 'टुर्नहाले' म्हणतात.

गंमत पुढेच आहे. पॅरिसमध्ये 'जिम्नाझ' विचारले तर खेळाचे सभागृह दाखवतील. स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्येही फ्रेंचच बोलतात, पण तिथे त्याच शब्दाने विद्यालय दाखवतील. इटलीत व्यायामशाळेला 'पालेस्त्रा' म्हणतात. हा शब्दही ग्रीकच, मूळ अर्थ कुस्तीचा आखाडा. हॉलंडच्या जिम्नॅशियममध्ये लॅटिन आणि ग्रीक शिकवले जाते. स्वीडनमध्ये सोळाव्या वर्षानंतरची तीन वर्षे म्हणजे जिम्नॅशियम आणि तिथे व्यवसायशिक्षणही मिळते. खुद्द ग्रीसमध्ये बारा ते पंधरा वर्षांची मुले 'गिम्नासिओ'त जातात. पोलंडने १९९९ साली याच नावाच्या तीन वर्षांच्या शाळा काढल्या आणि २०१७ पासून त्या बंद करायला घेतल्या.

आपला जिमखाना

या गोतावळ्यात आपलाही एक नातेवाईक आहे. 'जिमखाना' हा शब्द भारतातच घडला. हिंदुस्थानी 'गेंदखाना'वर इंग्रजीतल्या 'जिम्नॅस्टिक्स'ची छाया पडून तो तयार झाला, असे मानले जाते. मुंबईचा बॉम्बे जिमखाना १८७५चा, तर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने अख्ख्या वस्तीला नाव दिले. हा शब्द साहेबाबरोबर विलायतेला गेला. आज इंग्लंडमध्ये 'जिमखाना' म्हणजे घोड्यांवरच्या गमतीदार शर्यती. इटलीत 'जिंकाना' म्हणजे वळणावळणांच्या, अडथळ्यांच्या वाटेवरची शर्यत!

पालकांनी ध्यानात ठेवावे

फिरायला गेलेल्या माणसाला हा शब्द फार तर एक हेलपाटा घडवील. मुलाबाळांसह जर्मनीत नोकरीसाठी जाणाऱ्या कुटुंबाचे मात्र तसे नाही. तिथल्या बहुतेक राज्यांत चौथी संपली की, म्हणजे मूल दहा वर्षांचे असतानाच, त्याने जिम्नॅशियमला जायचे की दुसऱ्या प्रकारच्या शाळेत, हे ठरते. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये साधारणपणे सहावीनंतर. जिम्नॅशियमच्या शेवटी 'आबिटूर' ही परीक्षा असते आणि विद्यापीठाचे दार प्रामुख्याने तिनेच उघडते. नंतर शाळेचा प्रकार बदलता येतो, पण त्यासाठी मुलाला जादा मेहनत करावी लागते.

आपल्याकडे दहावीपर्यंत जो निर्णय पुढे ढकलता येतो, तो तिथे चौथीतच समोर येतो आणि तोही परक्या भाषेत. म्हणून मूल तिसरीत असतानाच शिक्षकांना भेटा, आपल्या राज्याचे नियम विचारून घ्या आणि मुलाच्या जर्मन भाषेकडे लक्ष द्या. शाळेतून आलेल्या पत्रात 'जिम्नॅशियम' हा शब्द दिसला, तर ते खेळाच्या तासाचे पत्र समजून बाजूला ठेवू नका.